मॉर्फ केलेला फोटो आणि पोक्सोची फिर्याद: पहिल्या रात्रीपासून दोषारोपपत्रापर्यंत

पोक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या कलम २३ नुसार बालकाची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. म्हणून गाव, शाळा, महिना यांतलं काहीच इथे नाही. दिवस मोजलेत ते फोटो आला त्या रात्रीपासून. प्रकरण जुलै २०२४ नंतरचं आहे, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम लागू झाल्यावरचं. जुन्या लेखांत सापडणारी १६४ (दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब) आणि ६५ब (डिजिटल पुराव्याचं प्रमाणपत्र) ही कलमं आता वेगळ्या क्रमांकांनी येतात. या कुटुंबासोबत आधी ओळखीमुळे आणि नंतर बाल कल्याण समितीच्या आदेशाने, सहाय्यक व्यक्ती म्हणून, सगळीकडे जाणं झालं. त्यात जे कळलं ते क्रमाने लिहिते आहे.

रात्री साडेनऊच्या सुमारास मुलीच्या खात्यावर अनोळखी खात्यावरून एक फोटो आला. गॅदरिंगमध्ये काढलेला तिचाच फोटो, एआय अ‍ॅपमधून कपडे काढून टाकलेला. खाली धमकी: खरे फोटो पाठव, नाहीतर हा वर्गाच्या ग्रुपवर जाईल. तिने तासाभराने आईला सांगितलं. त्या तासात तिने खातं बंद करायचा प्रयत्न केला होता, सुदैवाने पासवर्ड चुकला.

वडिलांना तो फोटो ताबडतोब डिलीट करायचा होता. मोठ्या भावाने तो मामांना पाठवला, "हे खातं कोणाचं ते बघा" म्हणून. दोन्ही गोष्टी मायेपोटीच, पण दोन्ही अडचणीच्या. असा फोटो पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली स्वतंत्र गुन्हा आहे, हेतू मदतीचा असला तरी मजकूर तोच राहतो. मदत मागायची तर शब्दांत सांगा, फोटो पाठवू नका. मामांनी लगेच डिलीट केला आणि भावाने दुसऱ्या दिवशी जबाबात ते स्वतःहून सांगितलं. लपवलं असतं तर फोनच्या तपासणीत ते निघालंच असतं.

मग स्वतःकडे ठेवणं हाही गुन्हा नाही का? घरातल्या प्रत्येकाने हा प्रश्न विचारला. पोक्सोच्या कलम १५(२) मध्येच अपवाद लिहिलेला आहे: तक्रार करण्यासाठी किंवा न्यायालयात पुरावा म्हणून वापरण्यासाठी. म्हणजे तक्रार होईपर्यंत तो ज्या फोनवर आला त्याच फोनवर, त्याच संभाषणात राहू द्यायचा. प्रिंट काढायची नाही, दुसऱ्या फोनवर घ्यायचा नाही.

त्या रात्री एका वहीत एवढं लिहून काढलं: पाठवणाऱ्या खात्याचं नाव, त्याच्या प्रोफाइलची पूर्ण लिंक, संदेश आल्याची तारीख आणि मिनिटापर्यंतची वेळ, धमकीचे शब्द जसेच्या तसे, आणि तो फोटो अजून कुठे दिसला असेल तर त्या पोस्टची लिंक. खात्याचं नाव मिनिटात बदलता येतं, म्हणून नुसत्या नावाचा स्क्रीनशॉट पुरत नाही. संभाषणाचे स्क्रीनशॉट घेताना फोटोचा भाग वर सरकवून फक्त मजकूर आणि वेळ येईल असं केलं. संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू होती, ती आधी बंद केली.

आणखी एक गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात. मूळ फोटो. गॅदरिंगचा मूळ फोटो ज्या फोनवर काढला होता तिथून तो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवला, साध्या फोटोसारखा नाही. साधा पाठवला की अ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि आतली तारीख-वेळेची माहिती निघून जाते. हे दोन फोटो शेजारी ठेवल्यावर जे दिसलं ते पुढे फार कामाला आलं: केसांच्या रिबिनीची तीच घडी, मागच्या भिंतीवरच्या घड्याळात दोन्हीकडे अकरा वाजून वीस मिनिटं, खुर्चीच्या पाठीवरचा खडूचा तोच डाग. अशी अ‍ॅप बहुतेक वेळा फक्त कपड्यांचा भाग नव्याने रंगवतात, बाकीचं चित्र तसंच राहतं. फोटो बनावट आहे हे आणि तो याच मुलीच्या फोटोवरून बनवला हे, दोन्ही त्या घड्याळाने एकदम सांगितलं.

रात्री बाराच्या आत तीन तक्रारी झाल्या. पहिली त्या अ‍ॅपकडे, 'अल्पवयीन व्यक्तीचं लैंगिक चित्रण' हा पर्याय निवडून. 'छळ' किंवा 'बनावट खातं' निवडलं तर तक्रार वेगळ्या रांगेत जाते. दुसरी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, महिला आणि बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांच्या विभागात. तिथे निनावी तक्रारीचीही सोय आहे, पण निनावी तक्रारीचा पुढे माग काढता येत नाही. कुटुंबाने मोबाईल क्रमांक देऊन केली, पोच क्रमांक मिळाला. १९३० हा क्रमांक मुख्यतः आर्थिक फसवणुकीसाठी आहे. मूल घाबरलेलं असेल आणि त्या क्षणी कोणाशी बोलायचं असेल तर १०९८. आणि एक नीट समजून घ्या: पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे. ती राज्य पोलिसांकडे जाते आणि तिथे कोणी उघडेपर्यंत थांबते.

तिसरी 'टेक इट डाऊन'वर. हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या राष्ट्रीय केंद्राची ही मोफत सेवा आहे. १८ वर्षांखालच्या व्यक्तीच्या फोटोसाठी, नाव न देता वापरता येते. फोटो फोनमधून बाहेर जात नाही. फोनवरच त्याचा हॅश, म्हणजे अंकाक्षरांची एक खूण, तयार होतो आणि फक्त ती खूण सहभागी कंपन्यांकडे जाते. मर्यादा दोन: ज्या कंपन्या सहभागी आहेत तिथेच चालते, आणि एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे कंपनीलाही वाचता येत नाहीत अशा, संभाषणांत चालत नाही. वडिलांनी सुरुवातीलाच फोटो डिलीट केला असता तर हॅश बनवायला काही उरलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस ठाणे. सोबत मुलीच्या जन्मदाखल्याची प्रत, वही, फोन आणि मूळ फोटो. ठाणे अंमलदारांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे फोटो खरा नाही ना? मग अदखलपात्र घेऊ." हा प्रश्न दुष्टपणाचा नव्हता. त्यांच्यासमोर येणाऱ्या पोक्सोच्या बहुतेक फिर्यादींत प्रत्यक्ष अत्याचार असतो आणि हात तीच कलमं लिहायला सरावलेला असतो. पण उत्तर तयार नसेल तर कुटुंब इथूनच परत फिरतं.

उत्तर कायद्यातच आहे, आणि ते नवं नाही. पोक्सोचं कलम ११(v) पाहा: बालकाच्या शरीराच्या कोणत्याही भागाचं, किंवा लैंगिक कृत्यात त्याच्या सहभागाचं, खरं किंवा बनावट चित्रण कोणत्याही माध्यमात वापरण्याची धमकी देणं हा लैंगिक छळ आहे. 'खरं किंवा बनावट' हे शब्द २०१२ च्या मूळ कायद्यापासून आहेत. कलम १२ खाली त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने कलम २(१)(दअ) आलं. त्यात खऱ्या बालकापासून ओळखू न येणारी संगणकनिर्मित प्रतिमा आणि तयार केलेली, रूपांतरित केलेली किंवा बदललेली, पण बालक दाखवते असं वाटणारी प्रतिमा, दोन्ही व्याख्येत घेतल्या. त्या व्याख्येतली संज्ञा मात्र 'चाइल्ड पोर्नोग्राफी' अशीच राहिली. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात न्यायालयांना ती संज्ञा वापरू नका असं सांगितलं आणि तिच्या जागी 'बाल लैंगिक शोषण व अत्याचार सामग्री' आणण्याची सूचना संसदेला केली. शब्दाचा फरक वरवरचा वाटतो, पण अंमलदारांनी जुना शब्द उच्चारल्यावर मुलीने मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही.

कलम ११, १२, १३, १४ आणि १५ छापलेली दोन पानं सोबत होती. ती टेबलावर ठेवली आणि वाद न घालता वरिष्ठ निरीक्षकांना भेटायची विनंती केली. चाळीस मिनिटांनी भेट झाली. फिर्याद नोंदवून न घेणं हाही कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, पण ते उच्चारायची वेळ आली नाही. सुरुवातीलाच उच्चारूही नये. त्याने माणूस ताठर होतो.

एफआयआरमध्ये शेवटी ही कलमं आली: पोक्सो १२, १४, १५, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ब, आणि भारतीय न्याय संहितेतलं धमकीचं ३५१. आधी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई पण लिहिलं जात होतं. ते इथे बसत नाही, कारण त्याला व्यक्तीच्या खऱ्या खाजगी अवयवांचं चित्रण लागतं, आणि इथे चेहरा मुलीचा, शरीर यंत्राने रंगवलेलं. चुकीचं कलम लागलं की बचाव पक्ष आधी त्याच्यावर बोट ठेवतो आणि बाकीचंही संशयात आणतो. ६७ब आलं की आणखी एक बदल होतो: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारीच करू शकतो. उपनिरीक्षकांच्या नावाने तपास लिहिला असेल तर तिथल्या तिथे लक्षात आणून द्या. नंतर ही त्रुटी महागात पडते.

ठाण्यात सगळं मिळून पाच तास गेले. एफआयआरची प्रत मोफत मिळते. सही करण्याआधी प्रत्येक तारीख आणि खात्याच्या लिंकमधलं प्रत्येक अक्षर ताडून पाहिलं. लिंकमध्ये एक अंडरस्कोर सुटलेला होता.

तिसऱ्या दिवशी मुलीचा जबाब घरी झाला. पोक्सोच्या कलम २४ नुसार जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जापेक्षा कमी नसलेल्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. आलेल्या बाई साध्या ड्रेसमध्ये होत्या, त्यांनी आधी पाणी मागितलं आणि स्वयंपाकघरात आईजवळ बसूनच बोलायला सुरुवात केली. मुलीने पहिला प्रश्न विचारला तो हा: "किती जणांनी पाहिला असेल?" याचं खरं उत्तर त्या वेळी कोणाकडेच नव्हतं, आणि बाईंनी खोटं सांगितलं नाही. आत्तापर्यंत नक्की माहीत असलेली माणसं त्यांनी बोटांवर मोजून दाखवली.

जबाब झाल्यावर वैद्यकीय तपासणीचं पत्र पुढे आलं. पोक्सोच्या कागदांचा एक ठरलेला संच असतो, त्यात ते येतंच. फोटो बनवण्याच्या प्रकरणात शरीराला कोणी हात लावलेला नसतो. तपासणीतून काय साध्य होणार हे शांतपणे विचारा. संमतीशिवाय ती होत नाही. इथे पालकांनी लेखी नकार दिला आणि तो कागदपत्रांत लावला गेला.

पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. समितीचं नाव ऐकून आईला वाटलं, मुलीला घेऊन जातील. तसं नसतं. आरोपी त्याच घरात राहणारा असेल, मूल संस्थेत असेल किंवा त्याला पालकांचा आधार नसेल, तरच त्याला समितीसमोर हजर करायचं असतं. बाकीच्यांची फक्त माहिती जाते. सहाय्यक व्यक्ती हवी असा अर्ज मात्र तिथेच करा. पोक्सोच्या कलम ४० नुसार कुटुंबाला स्वतःचा वकील देता येतो, आणि परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं. हा अर्ज त्याच आठवड्यात टाकला, वकील मिळायला १९ दिवस लागले.

पाचव्या दिवशी फोन जप्त झाला. याची तयारी कोणी सांगत नाही. फोन गेला की मुलीचा अभ्यास, आईचे बँकेचे संदेश, सगळं त्याच्याबरोबर जातं. सिम काढून घेता येतं का ते विचारा, आणि फोन देण्याआधी बाकीच्या गोष्टींचा बॅकअप घ्या. ते वादग्रस्त संभाषण मात्र हलवू नका. पंचनाम्यात मॉडेल, रंग आणि आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) बरोबर लिहिला आहे ना ते पाहा. जप्तीचं चित्रीकरण आता बंधनकारक आहे. ते अधिकाऱ्यांच्याच फोनवर झालं.

डिजिटल पुराव्याचं खरं दुखणं साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र. त्याचा नमुना अधिनियमाच्या परिशिष्टातच आहे आणि त्याला दोन भाग आहेत. भाग अ यंत्र ज्याच्या ताब्यात होतं त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. दोन्हीकडे हॅश आणि तो कोणत्या पद्धतीने काढला ते लिहावं लागतं; एसएचए-२५६ ने काढला तर तो ६४ अक्षरांचा येतो. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी हॅश पूर्ण बदलतो. म्हणूनच मूळ फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवला होता. भाग अ आईने भरला. पहिल्यांदा भरताना अनुक्रमांकाच्या रकान्यात आयएमईआय लिहिला गेला आणि कागद परत आला. त्यात चार दिवस गेले. संभाषणाचे स्क्रीनशॉट दुसऱ्या फोनवरून पेनड्राइव्हवर घेतले होते, त्यांचं प्रमाणपत्र वेगळं लागलं. एका यंत्रासाठी एक, असं डोक्यात धरून चाला.

अकराव्या दिवशी तोच फोटो एका दुसऱ्या सार्वजनिक खात्यावर दिसला. तो दिवस सगळ्यात वाईट होता. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतल्या ३(२)(ब) प्रमाणे नग्नता दाखवणारा किंवा कृत्रिमरीत्या मॉर्फ केलेला मजकूर, पीडित व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कोणी तक्रार केल्यावर २४ तासांत काढायची जबाबदारी कंपनीवर होती. (२० फेब्रुवारी २०२६ पासून ही मुदत २ तासांवर आली.) अ‍ॅपमधल्या बटणाऐवजी थेट तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल गेला: लिंक, मुलगी अल्पवयीन आहे हे एका वाक्यात, नियमाचा क्रमांक, एफआयआरचा क्रमांक. फोटो जोडला नाही. पोस्ट सुमारे सात तासांत गेली. आधी अ‍ॅपमधल्या बटणावरून केलेल्या तक्रारीला "आमच्या धोरणाचं उल्लंघन आढळलं नाही" असं उत्तर आलं होतं, ते उत्तरही जपून ठेवलं आणि तपासी अधिकाऱ्यांना दिलं. एक धोका इथे आहे: पोस्ट काढण्याआधी तिची लिंक आणि वेळ पोलिसांकडे गेलेली असली पाहिजे, नाहीतर पुरावाही तिच्याबरोबर जातो.

तिसऱ्या आठवड्यात मुलीचा जबाब दंडाधिकाऱ्यांसमोर झाला, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली. तो वीस मिनिटांत संपला. बाहेरच्या बाकावरची वाट मात्र अडीच तासांची. पुस्तक आणि डबा सोबत ठेवा.

महिन्याभराने खात्यामागची माणसं निघाली. फोटो बनवणारा एकोणीस वर्षांचा, आणि त्याला मूळ फोटो पुरवणारा व पुढे पाठवणारा शाळेतलाच, सतरा वर्षांचा. घरच्यांना दोघांना एकच शिक्षा हवी होती. कायदा तसं करत नाही. अल्पवयीन मुलावर सहसा एफआयआर होत नाही, स्टेशन डायरीत नोंद होते आणि त्याच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे जातो. किमान सात वर्षं शिक्षेचा गुन्हा असेल किंवा प्रौढासोबत मिळून केलेला असेल तरच एफआयआर. इथे प्रौढ सोबत होता, म्हणून त्याचं नाव आलं, पण त्याचं प्रकरण मंडळासमोर वेगळं चाललं. त्याची ओळखही बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने झाकलेली आहे. वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर कोणी त्याचं नाव टाकलं तर टाकणाराच गुन्हेगार ठरतो. हे मुलीच्या वडिलांना समजावणं फार अवघड गेलं, आणि त्यांचा राग मला आजही कळतो.

मग शांतता. फोन न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेला आणि महिने गेले. इथे कायद्यातली एक मोठी फट दिसते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३(२) ने पोक्सोच्या ४, ६, ८ आणि १० या कलमांखालचा तपास दोन महिन्यांत संपवायला सांगितलं आहे. ही सगळी प्रत्यक्ष अत्याचाराची कलमं. १२, १४, १५ त्यात नाहीत. म्हणजे ज्या गुन्ह्यात रोज नवी प्रत निघू शकते त्यालाच मुदत नाही. कायदा सुधारायचा असेल तर माझ्या मते पहिली ओळ इथे घालायला हवी. दुसरी पोक्सोच्या कलम १५(१) मध्ये: पुढे पाठवायच्या हेतूने असा फोटो बाळगून तो नष्ट न करणाऱ्याला पहिल्या वेळी फक्त किमान पाच हजारांचा दंड, कैद नाही. तिसरी त्या अ‍ॅपबद्दल. अशी चित्रं बनवण्यासाठीच केलेलं साधन बाळगणं किंवा पुरवणं हा आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा नाही. ओढूनताणून अपप्रेरणेच्या, म्हणजे गुन्ह्याला साथ देण्याच्या, कलमात बसवावं लागतं. ब्रिटनने भासमान छायाचित्रांना, म्हणजे फोटोसारख्या दिसणाऱ्या बनावट चित्रांना, १९९४ मध्येच कायद्यात घेतलं आणि २०२५ मध्ये मांडलेल्या विधेयकात साधनालाही हात घातला. आपल्याकडे बनावट चित्राची व्याख्या आहे, ती ठाण्यापर्यंत आणि प्रयोगशाळेपर्यंत पोचवणारी तरतूद अपुरी आहे.

या काळात कुटुंबाच्या हातात एकच गोष्ट असते: ९० दिवसांच्या आत तपासाची प्रगती फिर्यादी किंवा पीडितेला कळवणं कलम १९३(३) नुसार पोलिसांवर बंधनकारक आहे. ८५ व्या दिवशी एक पानी अर्ज दिला, पोच घेतली. ९२ व्या दिवशी उत्तर आलं. फोन परत मिळण्यासाठी न्यायालयात सुपुर्दनाम्याचा अर्ज करावा लागला, प्रयोगशाळेने प्रत काढून घेतल्यावर तो मंजूर झाला. तोवर जुन्या फोनवर काम भागवलं. झेरॉक्स, पेनड्राइव्ह, जाण्या-येण्याचा खर्च मिळून चार हजारांच्या आत राहिला. शासकीय शुल्क कुठेच लागलं नाही.

१६८ व्या दिवशी दोषारोपपत्र दाखल झालं. त्याच्या प्रती आरोपीला मिळतात, आणि जोडपत्रांत तो फोटो असतो. यावर आधीच अर्ज हवा: फोटो आणि पेनड्राइव्ह सीलबंद पाकिटात राहावेत, आरोपीच्या वकिलाला प्रत न देता फक्त न्यायालयात पाहू द्यावं. पीडितेच्या खाजगीपणासाठी अशी केवळ पाहणीची मुभा देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका मेमरी कार्डाच्या प्रकरणात मान्य केलं आहे. वकिलांनी तो निकाल जोडला, अर्ज दोन परिच्छेदांचा होता, त्याच दिवशी मंजूर झाला.

आदेशाची प्रत घेऊन घरी गेल्यावर मुलीने पुन्हा तेच विचारलं, आता किती जण पाहणार? या वेळी मोजून सांगता आलं. न्यायाधीश, सरकारी वकील, आरोपी, त्याचा वकील, आणि लाखेचं सील फोडताना समोर असलेला न्यायालयाचा एक कर्मचारी. तिने ती नावं नाहीत, फक्त पदं, आपल्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतली.